आत्याची बाभळ आणि मेव्हण्याचा जिल्हा

कटर चालवायचा पहिला नियम असा, की तो मेव्हण्याच्या हातात द्यायचा नाही. बाकीचे नियम मशीनसोबत आलेल्या पुस्तिकेत असतात, हा नसतो. पुस्तिका परदेशात छापतात. तिथं मेव्हणे नसावेत, किंवा असले तरी ते कुठल्या समितीचे सचिव नसावेत.

मी मूळचा मोटारी भरणारा. विहिरीवरची, बोअरवरची मोटार जळाली की तिची जुनी तार काढायची अन् नवी भरायची, एवढाच माझा धंदा. लातूर-नांदेड रस्त्यापासून जरा आत आमचं गाव, फाट्यावर माझं पत्र्याचं दुकान. दुष्काळाचं पहिलं वर्ष मला लई चांगलं गेलं. पाणी तळाला गेलं, मोटारी कोरड्या फिरल्या अन् धडाधड जळाल्या. दुसऱ्या वर्षी लोकांनी मोटारी वर काढून बाजेखाली ठेवून दिल्या. बाजेखालची मोटार जळत नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो माझ्या वाट्याला असा आला.

गावात वाळलेलं मात्र मायंदाळ होतं. मोसंबीच्या बागा वाळल्या, लिंबोण्या वाळल्या, आंबे उभ्याउभ्या गेले. सरपणासाठी जो तो कुऱ्हाड घेऊन घाम गाळत होता. मी विचार केला, मोटार नाही तर नाही, इंजीन तर आपल्याला कळतं. लातूरला गेलो, गोलाईच्या बाजारातून लाकूड कापायचा पेट्रोलवरचा कटर घेऊन आलो. एका हातात मावेल एवढं इंजीन, पुढं लांबडी लोखंडी पट्टी, अन् त्या पट्टीभोवती सायकलच्या चेनसारखी पण दातांची चेन. गाव बघायला जमलं. एकानं विचारलं, "नारळ फोडला का?" फोडला. मेव्हण्यानंच फोडला, अन् तोही पट्टीवर आपटून. तेवढ्यात चेनचा एक दात बोथटला. म्हणजे मशीननं लाकूड बघायच्या आधी खोबरं बघितलं.

तर सांगतो, ऐकायचं असेल तर ऐका. कटरला दोन टाक्या असतात. एकीत पेट्रोल, अन् त्या पेट्रोलमध्ये थोडं ऑइल मिसळायचं, जुन्या मोपेडला घालायचो तसं. दुसऱ्या टाकीत चेनचं तेल, नुसतं. ते चेनवर थेंबथेंब उतरत राहतं. ते संपलं की पट्टी तापते, निळी पडते अन् चेन ताणून सैल होते. चेन किती ताणायची? पट्टीला खालून चिकटून असावी, पण बोटानं ओढली तर फिरावी. सुनेला जसं ठेवावं तसं, असं मी एकदा घरात बोललो अन् दोन दिवस मला भाजीत मीठ मिळालं नाही. चालू करताना जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय घालून दोरी ओढायची. हवेत धरून ओढणारे मांडी कापून घेतात. पट्टीच्या नाकानं कापायला जायचं नाही, नाक लाकडाला लागलं की मशीन उलटं तोंडावर येतं. धोतर, लुंगी, गळ्यातलं उपरणं, सत्काराची शाल, काहीही लोंबतं नको. पायात बूट पाहिजेत. डोळ्यावर चष्मा पाहिजे.

अन् दुष्काळात रोज एअर फिल्टर झटकायचा. आमच्याकडं तेव्हा हवेत माती होती का मातीत हवा होती, कळत नव्हतं.

धार गेली कशी ओळखायची? भुसा बघायचा. दात धारदार असतील तर लाकडाचे छिलके उडतात, बोथटले की पीठ पडतं. पीठ पडायला लागलं की थांबायचं, गोल कानस घ्यायची, अन् प्रत्येक दातावर सारखे हात फिरवायचे, एकाच बाजूनं, पुढं ढकलत. खसाखसा मागंपुढं केलं तर कानस जाते अन् दातही जातो. दात मातीला किंवा खिळ्याला लागला तर सगळी मेहनत गेली. अन् आमच्या रस्त्याकडेचं एकही झाड बिनखिळ्याचं नाही. कोचिंग क्लासवाल्यांनी पोरांच्या फोटोंच्या अशा पाट्या ठोकल्यात, की कडुलिंबाच्या सालीपेक्षा पत्रा जाड. मी एक वाळका कडुलिंब कापायला घेतला, तर चेनचे चार दात एका भावी डॉक्टरात गेले.

आता आत्या. माझ्या वडलांची थोरली बहीण. लहानपणीच नवरा गेला म्हणून माहेरी आली ती आलीच. आई माझी लवकर वारली, मला आत्यानंच वाढवलं. तिच्या नावावर एक पट्टीभर रान, अन् त्या रानाच्या बांधावर एक जुनी बाभळ. बाभळीला दुष्काळानं मारलं नाही. तिला म्हातारपण अन् भुंगा लागला होता. वाळून खणखणीत झाली होती, कुऱ्हाडीचा दांडा वाजवला तर देवळाच्या खांबासारखा आवाज यायचा.

ती बाभळ आत्यानं स्वतःच्या सरणासाठी राखली होती. त्याला कारण होतं. तिची जिवाभावाची मैत्रीण आदल्या साली गेली. गावातलं चांगलं लाकूड वीटभट्टीला विकून झालेलं. घाईनं एक ओली सुबाभूळ तोडली, वर दोन टायर टाकले, डिझेल ओतलं. ती बिचारी दोन दिवस धुमसत होती. काळा धूर आत्याच्या रानातून दिसत होता. तिसऱ्या दिवशी आत्या बाभळीखाली जाऊन बसली अन् सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली, "ह्या लाकडाला कुणी हात लावायचा न्हाई. हे माझं हाय. मला टायरवर जाळायचं न्हाई."

म्हाताऱ्या माणसाबद्दल 'लाकडं मसणात गेली' म्हणायची पद्धत आहे. कुणी तसं गमतीनं म्हणालं तर आत्या म्हणायची, "माझी न्हाई गेली. माझी बांधावर हुबी हायत."

ती तेव्हा एकवेळच जेवायची. आम्ही विचारलं तर म्हणायची, भूक न्हाई लागत, वयानं. आमच्या घरी तर टँकरच्या पाण्याच्या दोन घागरींवर दिवस काढायचा असायचा. आत्या संध्याकाळी बांधावरून उशिरा यायची अन् पाणी पिऊन निजायची. आम्ही म्हणायचो, म्हातारी हट्टी आहे. काय करणार?

आता मेव्हणा. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, तालुक्याला राहायचा. त्या दिवसांत आमचा तालुका जिल्हा होणार अशी बोंब उठली होती. प्यायला पाणी नव्हतं, पण कलेक्टर येणार होता. मेव्हणा 'जिल्हा निर्मिती कृती समिती'चा सचिव. पाव्हण्याला कामधंदा नव्हता, त्यामुळं कृती भरपूर. लेटरपॅड छापून झालं, डिजिटल बॅनर लागले, त्यावर समितीतल्या तमाम लोकांचे चेहरे. कलेक्टरचा बंगला कुठं, एसपी ऑफिस कुठं, हे गायरानात काठ्या रोवून ठरवून झालं होतं. एसपी ऑफिसच्या जागेत एका म्हशीनं काठी उपटून खाल्ली, तर समितीनं म्हशीच्या मालकाचा निषेध केला. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, म्हणतात ते ह्यालाच.

समितीनं ठराव केला, की ज्या दिवशी घोषणा होईल त्या दिवशी सगळ्या तालुक्याला जेवण. पाणी टँकरचं, धान्य वर्गणीचं. आचारी म्हणाला, एवढ्या कढया गॅसवर होत न्हाईत, लाकूड लागंल, आन् बाभळीच्या निखाऱ्यासारखा निखारा न्हाई. मेव्हण्याच्या डोक्यात ताबडतोब आत्याची बाभळ आली.

तो गोड बोलायला आला. मी होतोच तिथं. आत्या बाभळीखाली गोणपाटावर बसलेली.

"आत्याबाई, एक सांगू का? जिल्हा झाला की विद्युतदाहिनी येती."

"ती काय असती?"

"माणूस जाळायची लाइटवरची मशीन. सरण रचायचं काम न्हाई, धूर न्हाई, काही न्हाई. बटन दाबलं की खलास."

"लाइटवर चालती?"

"हाव."

"आन् लाइट गेली मंग? अर्धी शिजून पडू का तिथं?"

मेव्हणा म्हणाला, जिल्ह्याच्या ठिकाणी लोडशेडिंग कमी असतं.

"कमी म्हंजे किती कमी, पाव्हणं? माझं डोकं जळायच्या आधी जाती, का पाय जळायच्या आधी?"

मला हसू आवरेना. मेव्हण्याला राग आला, पण पुढाऱ्याला राग दाखवता येत नाही. तो म्हणाला, "आत्याबाई, जिल्ह्यासाठी त्याग करावा लागतो." आत्या म्हणाली, "मी नवरा दिला, पोटचं झालं न्हाई, भावाचं पोर वाढवलं. आता सरपण तरी माझं राहू दे की." मेव्हण्यानं न वाजलेला मोबाइल कानाला लावला.

त्यानंतर आत्याच्या डोळ्यांचं निघालं. मोतीबिंदू पिकला होता. नांदेडजवळ विष्णुपुरीला आमची एक चुलत बहीण राहते, नवरा तिथं कॉलेजात नोकरीला. तिच्या ओळखीनं नांदेडला ऑपरेशन ठरलं. मी आत्याला एसटीत घालून घेऊन गेलो. निघताना कटर घरात, कोपऱ्यात, पोत्याखाली झाकून ठेवला, अन् बायकोला बजावलं, "तुझ्या भावाला हे दिसू देऊ नको." बायको म्हणाली, "माझा भाऊ काय चोर हाय का?"

ऑपरेशन झालं, आत्याला काळा चष्मा मिळाला, पंधरवडा बहिणीकडं राहिलो. नदीवरच्या धरणात पाणी तळाला गेलेलं, तरी आत्या काठावर उभी राहून म्हणाली, "बघ बाबा, किती पाणी." मला बरं वाटलं. मी नांदेडातून एक चांगली गोल कानस घेतली अन् आम्ही परत निघालो.

फाट्यावर एसटीतून उतरलो. घरचा रस्ता आत्याच्या रानावरूनच जातो. आत्या पुढं, मी पिशवी घेऊन मागं. ती एकदम थांबली. चष्मा वर केला, परत लावला.

"बाबा, माझ्या झाडात ते काय हाय?"

बाभळीच्या बुंध्यात कटर घुसलेला होता. अर्ध्या बुंध्यापर्यंत पट्टी आत, इंजीन बाहेर लोंबलेलं, अन् इंजिनावर झेंडूचा वाळलेला हार.

"ह्येच बघायला डोळं केलं का रं माझं?" आत्या म्हणाली अन् बांधावर बसली.

मला असा राग आला, असा राग आला, की पिशवी तिथंच टाकून मी घरापर्यंत पळत गेलो. बायको दारातच म्हणाली, "त्यानं विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. टीव्हीवर कुणीतरी जिल्ह्याचं नाव घेतलं म्हणे, दुसऱ्या दिवशी घोषणा नक्की. समितीचा उत्साह उतू गेला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. सचिवानं पोतं बाजूला केलं, कटर काढला, हार घातला, फोटोग्राफर बोलावला, खांद्यावर उपरणं, पायात चप्पल, अन् निघाले बाभळ पाडायला.

आता नियम साधा आहे. झाड ज्या अंगाला कललं असेल, त्या अंगाला आधी तोंडासारखी खाच घ्यायची. मग मागच्या बाजूनं कापत यायचं, अन् मध्ये थोडं लाकूड बिजागरीसारखं ठेवायचं. त्या बिजागरीवर झाड पाहिजे तिकडं पडतं. कललेल्या अंगानंच सरळ कापत गेलं, तर झाडाचा सगळा भार कापलेल्या फटीवर येतो अन् पट्टी चेपून जाते. आत्याची बाभळ रस्त्याच्या अंगाला कललेली. मेव्हण्यानं त्याच अंगानं कापलं. का? तर त्या बाजूनं फोटोला उजेड चांगला होता.

पट्टी चेपली. अशा वेळी मशीन बंद करायचं अन् लांब व्हायचं. ह्यांनी काय केलं? इंजीन पूर्ण रेस केलं अन् चौघांनी मिळून ओढलं. धूर निघाला, आतलं जळाल्याचा वास सुटला, मशीन बंद पडलं. हार तसाच राहिला अन् समिती जेवायला गेली.

एवढंच असतं तर निस्तरलं असतं. पण चेनचं तेल संपलेलं होतं. सचिवानं घरातला करडीच्या तेलाचा डबा उचलला, आत्याच्या स्वतःच्या करडईचं, घाण्यावरून काढून आणलेलं, अन् टाकी भरली. कापताना सगळ्या रानात भजे तळल्यासारखा वास सुटला म्हणे. लोक म्हणाले, जिल्ह्याचं जेवण आजच हाय का? आता करडीचं तेल खायला लई चांगलं, पण उन्हात ते वाळून गोंद होतं. घराघरातल्या तेलाच्या डब्याला बाहेरून जो चिकट थर बसतो, घासून घासून बायकांचे हात दुखतात, तो काय असतो? सोयाबीनच्या आधी ह्या मुलखानं जन्मभर करडीच खाल्ली, अन् तरी हे एकालाही आठवलं नाही. पंधरवडाभर उन्हात लटकून चेन पट्टीला अशी चिकटली होती, की लाकडानं सोडलं तरी तेलानं सोडलं नसतं.

घोषणा झाली नाही, हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर हवामान सांगितलं. तेही कोरडं.

मी मेव्हण्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "दाजी, सामाजिक कामात असं होतं." मी म्हणालो, "तुझ्या सामाजिक कामाच्या..." अन् पुढचं बायको होती म्हणून गिळलं. अर्धी कापलेली बाभळ तशी ठेवता येत नव्हती. वारा सुटला तर रस्त्यावर, टँकरला जाणाऱ्या बायांवर पडली असती. आत्याला मी तसं सांगितलं. तिनं काळा चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाली, "पाड. पण माझ्या डोळ्यापुढं पाड. आन् माझी लाकडं माझ्या घरी आणून रच."

आधी रस्ता बंद केला. मग पट्टी सोडवायची. कव्हरचे दोन नट खोलून इंजीन वेगळं काढलं, पट्टी झाडातच राहू दिली. बुंध्याला वर दोर बांधला, दोर ट्रॅक्टरला, अन् मेव्हण्याला ट्रॅक्टरवर बसवलं. "माझ्या हाताकडं बघायचं. कॅमेऱ्याकडं न्हाई." त्यानं हलक्या हातानं झाड मागं ओढलं, फट बोटभर हसली, मी पाचरी ठोकल्या अन् पट्टी बाहेर घेतली. चेन रॉकेलमध्ये भिजत घातली, जुन्या दात घासायच्या ब्रशनं कडी न् कडी घासली. पट्टीची खाच खिळ्यानं खरवडली, आतला जळालेला भाग बदलला, प्लग पुसला, फिल्टर धुतला, नांदेडच्या कानशीनं दातांना धार लावली. खरं तेल टाकलं. ह्या सगळ्याला चार दिवस गेले, अन् चारही दिवस आत्या बाभळीसमोर बसून होती. तिला समितीचा भरवसा नव्हता.

पाचव्या दिवशी मी चष्मा लावला. आत्यानं तिचा काळा चष्मा लावलेलाच होता. ती म्हणाली, "तुला बी चष्मा, मला बी चष्मा. आता बघू कोणाला नीट दिसतं." मी रस्त्याच्या अंगाला नीट खाच घेतली, मागून कापत आलो, छिलके उडाले, पीठ नाही पडलं. बाभळ कुरकुरली, कलली अन् मोकळ्या रस्त्यात धाडदिशी आडवी झाली. धूळ बसायला वेळ लागला. मेव्हण्यानं सवयीनं टाळी वाजवली अन् आत्याकडं बघून हात खिशात घातला.

फांद्या छाटल्या. खोडाखाली आडवे ओंडके सारले, चेन मातीला लागू नये म्हणून. आता तुकडे करायचे. चुलीला हातभर लांब कापतात, भट्टीला त्याहून मोठे. हे कशाला होतं ते मला माहीत होतं, तरी तोंडातून जाऊन गेलं.

"आत्या, किती लांब कापू?"

ती उठली. काठी बाजूला ठेवली. पदर डोक्यावरून नीट घेतला अन् खोडाच्या शेजारी, मातीत, सरळ उताणी निजली. हात अंगासरशी, काळा चष्मा वर आभाळाकडं.

"हं. टाक खूण."

मी चेनवरचा भुसा झटकत बसलो.

"अरं टाक की. उन्हाचं किती निजवतो मला?"

मी कोळसा घेतला, तिच्या डोक्याशी खोडावर एक रेघ ओढली, पायाशी दुसरी.

"वीतभर जास्त धर," ती पडल्यापडल्या म्हणाली. "पाय भाईर राहायला नकोत. माझ्या मैतरणीचे राहिले होते."

मेव्हणा ट्रॅक्टरवरून उतरून दुसरीकडं तोंड करून उभा होता. मी म्हणालो, "ऊठ आता, आत्या." तिला उठता येईना. मी वाकलो, दोन्ही हात तिच्या पाठीखाली घातले. स्वतःची कंबर आवरून धरली, कारण दिवसभर ओंडके उचलत होतो अन् सवय तीच होती. अन् जोर लावला तर ती एकदम वर आली. वजनच नव्हतं. वाळल्या मोसंबीची फांदी तरी जड लागते. लुगड्याच्या आत नुसती हाडं होती. संध्याकाळी पाणी पिऊन निजायची ती भूक नव्हती म्हणून नाही, हे मला तिला उचलल्यावर कळलं. तिची भाकरी आमच्या ताटात येत होती, अन् आम्ही तिला हट्टी म्हणत होतो.

मी तिला तशीच धरून उभा राहिलो. ती म्हणाली, "ठेव खाली. बाहुली हाय का मी?"

ठेवली. तिनं लुगड्याची माती झटकली, चष्मा सारखा केला, त्या पडलेल्या खोडाकडं इकडून तिकडं बघितलं अन् मेव्हण्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "उरलं तर दे ह्याच्या जिल्ह्याला."

मी कटर जमिनीवर ठेवला, मागच्या मुठीत पाय घातला अन् दोरी ओढली. डोळ्यावर चष्मा होता म्हणून बरं झालं. उरणार होतं. लई उरणार होतं.